‘संत तुकाराम’ : एका गाणाऱ्याचे चरित्र

प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा बोलपट १९३६ साली प्रथम पडद्यावर आला. मुंबईस गिरगावातील सेंट्रल चित्रगृहात तो सत्तावन्न आठवडे चालला आणि पुढील वर्षी व्हेनिस येथील चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. या गोष्टी आता सर्वांस पाठ झालेल्या आहेत, व त्या पाठ झाल्यामुळेच या चित्रपटाचे खरे परीक्षण करण्याची जरुरी कोणास फारशी भासेनाशी झाली आहे. ज्या कृतीवर एकदा ‘अजरामर’ असा शिक्का बसतो तिच्याकडे पाहण्याचे लोक हळूहळू सोडून देतात. तिला केवळ नमस्कार करतात. आम्हांस या चित्रपटास नमस्कार करावयाचा नाही असे नाही. पण तो करण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा असे वाटते. हा चित्रपट नक्की कोणाविषयी आहे?

‘संताविषयी’, असे उत्तर कोणीही देईल. आणि ‘संतपट’ या नावाचा एक वर्गच करून टीकाकारांनी त्यात हा चित्रपट ठेवून दिला आहे. परंतु संतत्व ही गोष्ट कॅमेऱ्यास दिसत नाही व ध्वनियंत्रास ऐकू येत नाही. त्यांना दिसतो तो टाळ-वीणा घेऊन गाणारा एक मनुष्य, आणि ऐकू येते ते त्याचे गाणे. देहू गावचा हा कुणबी-वाणी सबंध चित्रपटभर दुसरे काही करीतच नाही म्हटले तरी चालेल. शेत राखावयास बसविला तर तो गातो, लोकांनी निंदा केली तर गातो, वह्या पाण्यात गेल्या तर नदीकाठी बसून गातो. तेव्हा हे प्रथम एका लोकगायकाचे चरित्र आहे, आणि मग जमल्यास संताचे, अशा दृष्टीने त्याकडे पाहिले तर त्यातील पुष्कळ गोष्टींचा उलगडा निराळ्या तऱ्हेने होतो, असे आमचे मत आहे.

हा चित्रपट दिग्दर्शित करणारी जोडीच पाहा. विष्णुपंत दामले हे प्रभातचे ध्वनिलेखनाचे जाणकार, आणि शेख फत्तेलाल हे कलादिग्दर्शक. एकाचे लक्ष कानावर, दुसऱ्याचे डोळ्यांवर. आपल्याकडे मराठी बोलपट बोलू लागून तेव्हा पुरती पाच वर्षेही झालेली नव्हती. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ सालचा. या अल्प काळात बोलपटांनी गाणे घेतले ते बहुतेक थेट रंगभूमीवरून उचलून. नट एका जागी उभा राहतो, कॅमेरा त्याच्याकडे तोंड करून थांबतो, आणि पद संपेपर्यंत कथानक बिचारे दाराबाहेर तिष्ठत बसते. १९३५ साली प्रभातनेच ‘धर्मात्मा’ काढला. त्यात एकनाथांच्या भूमिकेसाठी खुद्द बालगंधर्वांस आणिले. (त्या चित्रपटाचे नाव आधी ‘महात्मा’ असे होते, सरकारी परीक्षकांस त्यात गांधीजींचा वास आला म्हणून ते बदलावे लागले.) बालगंधर्वांच्या गळ्याविषयी आमच्या पिढीने तरी काही बोलू नये, परंतु तो गळा ज्या रसिकांसाठी तयार झाला होता ते नाट्यगृहात बसणारे रसिक होते, आणि तेथे ज्याला ‘वाहवा’ मिळे त्याला पडद्यावर काय मिळावे हे कोणासच ठाऊक नव्हते.

‘संत तुकाराम’मध्ये हा प्रश्न ज्या रीतीने सोडविला गेला ती रीत फार साधी आहे व म्हणूनच कोणास सहसा सुचली नसती. तुकारामाच्या भूमिकेस विष्णुपंत पागनीस यांस घेतले. हेही रंगभूमीवरचेच, ‘स्वदेश हितचिंतक’ मंडळीत स्त्रीभूमिका करून त्यांनी नाव मिळविले होते. पण मध्यंतरी ते भजनात रमले होते, आणि त्यांचा आवाज मैफलीचा राहिला नव्हता; देवळाच्या सभामंडपाचा झाला होता. त्या आवाजास श्रोत्याकडून काही नको असते. संगीत दिग्दर्शक केशवराव भोळे यांच्यासारख्या मर्मज्ञाने हे ओळखले व त्या आवाजाभोवती वाद्यांची गर्दी होऊ दिली नाही, ही त्यांची मोठीच समज होय. तो काळ लक्षात घेता असा संयम दाखविणे हे चार नव्या चाली बांधण्याहून अवघड होते.

आता प्रारंभीचा प्रसंग पाहू. तुकाराम विठ्ठलमूर्तीपुढे भजनात तल्लीन झालेला आहे. काही वेळ आपण केवळ तो आवाज ऐकत राहतो. मग तेच शब्द, तेच भजन, देवळात दुसऱ्या एका मनुष्याच्या तोंडून ऐकू येते. तो मनुष्य म्हणजे सालोमालो. त्याने शेवटी तुकारामाचे नाव काढून आपले घातले आहे. पण खरी गंमत नावात नाही, गाण्यात आहे. हा गृहस्थ तेच भजन ताना-मुरक्या घेऊन, मान वेळावून, श्रोत्यांकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत गातो. म्हणजे त्याने भजनाचे नाटकाचे पद केले आहे. प्रेक्षकास एक अक्षरही समजावून न सांगता, खरा गाणारा कोण व खोटा कोण याचा निवाडा दिग्दर्शकांनी केवळ कानाच्या साक्षीने करवून घेतला. यात आणखी एक खोच आहे. सालोमालोची गाण्याची तऱ्हा ही त्या वेळच्या प्रेक्षकांच्या प्रत्यक्ष आवडीची तऱ्हा होती. जे पद्धतशीर हशा व टाळ्या घेई तेच येथे दांभिकाच्या तोंडी घातले आहे. ज्या रंगभूमीतून पागनीस आले, जिच्यावर प्रभातच्या प्रेक्षकांचे कान पोसले गेले होते, तिच्यावरची ही टीका आहे. आणि ती इतकी हसतमुखाने केलेली आहे की फारच थोड्यांच्या ती ध्यानात आली असेल. भागवतांनी सालोमालो असा काही रंगविला आहे की त्याचा राग येण्याआधी हसू येते. तुकोबांचा द्वेष करणारा मनुष्य विनोदी असावा की नाही याविषयी मतभेद होईल. आमच्या मते असावा; कारण मत्सर हा विकार जवळून पाहिला असता बहुधा हास्यास्पदच दिसतो.

हा सालोमालो चित्रपटकथा लिहिणारे शिवराम वाशीकर यांनी हवेतून काढलेला नाही. महिपतीच्या संतचरित्रांत तो आहे आणि तुकोबांच्या गाथेतही त्याचा नाव घेऊन समाचार घेतलेला आहे. दुसऱ्यांच्या कवितेत आपली मुद्रा घालून ती आपली म्हणून मिरविणारा, अशी त्याची ख्याती. देहूत तुकोबांस प्रत्यक्ष त्रास देणारा म्हणून परंपरा ज्याचे नाव सांगते तो मंबाजी गोसावी. चित्रपटात त्याचेही काम सालोमालोकडेच देऊन टाकले आहे. इतिहासाच्या अभ्यासकास हा बदल खटकेल. आम्हांस मात्र तो मोठा मार्मिक वाटतो. मंबाजीचे भांडण कुंपणाचे व मानाचे होते. सालोमालोचे भांडण गाण्याचे आहे. एका गाणाऱ्याच्या चरित्रात खलपुरुष कोण असावा? त्याचे गाणे चोरणारा!

मुद्रा म्हणजे काय, हे येथे थोडे सांगितले पाहिजे, कारण छापील पुस्तकावर लेखकाचे नाव पाहण्याची सवय झालेल्या वाचकांस त्याचे महत्त्व एकदम कळत नाही. ज्या काळी कविता मुखातून मुखात जात असे त्या काळी कवीचे नाव कवितेच्या पोटातच ठेवावे लागे. बाहेर ठेवावयास जागाच नव्हती. अखेरच्या चरणातील ते दोन शब्द म्हणजे कवीची सही, त्याचा मालकीहक्क व त्याची जबाबदारी, सर्व काही. ते पुसले की कवी नाहीसा झाला. म्हणून सालोमालोचा गुन्हा हा किरकोळ वाङ्मयचौर्याचा नव्हे. आणि उलट बाजूनेही हा घोटाळा होत आला आहे. कित्येक अज्ञात भाविकांनी आपली रचना तुकोबांच्या मुद्रेखाली लोटून दिली. साडेचार हजारांहून अधिक अभंगांच्या गाथेत कोणते किती तुकोबांचे याचा काथ्याकूट, सरकारी साहाय्याने १८६९ पासून इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेचे खंड निघू लागले तेव्हापासून आजतागायत चाललाच आहे.

अशा चित्रपटात एक विलक्षण गोष्ट घडली. गाथेतील अभंगांबरोबरच काही गीते नवी लिहून घ्यावी लागली व ती शांताराम आठवले यांनी लिहिली. त्यांतील बीज आणि वृक्ष यांवरचे गीत लोकांच्या तोंडी इतके बसले की ते तुकोबांचेच आहे असे सर्वत्र समजले जाऊ लागले. गाथा धुंडाळूनही ते सापडेना म्हणून जाणत्या लोकांनी विचारणा केल्याची हकीकत सांगतात. वस्तुतः त्या गीतात तुकोबांची मुद्रा नाही व त्याची ठेवणही अभंगाची नव्हे. तरी ऐकणारांनी ती मुद्रा आपल्या मनानेच तेथे उमटविली! सालोमालोने दुसऱ्याचे गाणे घेऊन आपले नाव घातले. आठवल्यांनी आपले गाणे दिले व त्यांचे नाव लोकांनीच काढून घेतले. कवीस याहून मोठा बहुमान कोणता, असे आजवर म्हटले गेले आहे. तो बहुमान खराच. पण आमच्या मनात एक दुसरी शंका येते. आठवल्यांचे गीत गोड आहे, निर्मळ आहे, त्यातील वेदान्त सहज पचणारा आहे. असे गीत तुकोबांचे म्हणून लोकांनी बिनदिक्कत स्वीकारले, याचा अर्थ असा की चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात तुकोबांची जी मूर्ती ठसली होती ती गोड, निर्मळ व सहज पचणारी अशी होती.

आणि ज्याने गाथा उघडून पाहिली आहे त्यास हे सांगावयास नको की तुकोबा असे नाहीत.

येथेच या चित्रपटावरील आमचा मुख्य आक्षेप येतो. पागनिसांचा तुकाराम डोळे अर्धवट मिटलेला, ओठांवर मंद स्मित असलेला, कोणावर आवाजही न चढविणारा आहे. गाथेतील तुकाराम भांडतो. तो दांभिकांस अशा शब्दांत झोडपतो की ते शब्द आजही सभ्य मासिकात छापताना संपादकाचा हात थबकावा. तो देवाशीही भांडतो. त्याला दिवाळखोर, चोर, निर्दय ठरवितो. त्याच्या दारात हिशेब मागावयास बसतो. दुष्काळात आपली पहिली बायको अन्नान्न करीत मेली हे तो स्वतःच सांगतो व त्याची लाज व संताप लपवीत नाही. १६३०-३१ च्या त्या दुष्काळाची झळ या चित्रपटास लागलेलीच नाही. तेथे दारिद्र्य आहे, पण ते एका भोळ्या मनुष्याच्या भोळेपणाचे फळ म्हणून आहे. धान्याचे कोठार ज्याच्या डोळ्यांदेखत ओस पडले आणि म्हणून जो डोंगरावर जाऊन बसला, असा तुकाराम येथे नाही.

हा दोष केवळ दामले-फत्तेलालांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. सौम्य तुकाराम ही आम्हां इंग्रजी शिकलेल्या मंडळींचीच निर्मिती होय. प्रार्थनासमाजाच्या उपासनेत तुकोबांचे जे अभंग निवडले गेले ते बहुशः शांत व उदात्त भावाचे. फ्रेझर व मराठे यांच्या भाषांतरामुळे इंग्रजी वाचकांत तुकोबांचा जो बोलबाला झाला तोही भक्त म्हणून. आम्ही शाळा-कॉलेजांतून शिकविला तो हाच तुकाराम. चित्रपटास हा तयार मिळाला, व पागनिसांच्या मुखात तो शोभून दिसला.

पण मग तुकारामाचा राग गेला कोठे? इतक्या मोठ्या कवीचा अर्धा स्वभाव कापून टाकून चित्रपट इतका जिवंत कसा राहिला? या प्रश्नावर आम्ही पुष्कळ विचार केला, आणि आम्हांस जे उत्तर सापडले ते असे. तो राग कापला गेला नाही. तो जिजाईस देण्यात आला.

गौरी या नटीने केलेली जिजाईची भूमिका हे या चित्रपटाचे दुसरे, आणि आम्ही तर म्हणू की पहिले, भाग्य होय. प्रभातमध्येच लहानसहान कामे करीत ती पुढे आली होती. तिच्या बोलण्यात रंगभूमीचे एकही वळण नाही. ती बोलते ते कोणाला ऐकविण्यासाठी नाही. चुलीपाशी धुराने डोळे चुरचुरत असताना, म्हैस हाकलताना, पोराच्या पाठीत धपाटा घालताना बाईच्या तोंडून जसे शब्द बाहेर पडतात तसे ते पडतात. विठोबाचा उल्लेख ती काळ्या म्हणून करते, आणि त्यात शिवी किती व जवळीक किती हे तिचे तिलाही सांगता आले नसते. तिचे म्हणणे एका वाक्याचे आहे: घरात दाणा नाही. नवरा त्याला उत्तर म्हणून अभंग देतो. अभंग अप्रतिम आहे, आणि घरात दाणा नाही.

मुलगा आजारी पडतो तेव्हाचा प्रसंग पाहण्यासारखा आहे. जिजाई हाती पायतण घेते आणि पोरास ओढीत देवळात जाते, देवाला जाब विचारण्यासाठी. आमच्या काही स्नेह्यांस हा प्रसंग ग्राम्य वाटतो. देवावर पायतण उगारणे हे काही संतपत्नीस शोभत नाही, असे ते म्हणतात. आम्हांस वाटते की सबंध चित्रपटात गाथेच्या अगदी निकट जाणारा प्रसंग कोणता असेल तर तो हा. देवाशी हिशेबाचे बोलणे, त्याला त्याच्या ब्रीदाची लाज आणणे, त्याच्या दारात ठाण मांडून बसणे, हे सर्व तुकोबांच्या अभंगांत आहे. ते पतीच्या मुखातून काढून पत्नीच्या हाती दिले गेले आणि शब्दांच्या जागी पायतण आले, एवढाच फरक. वाशीकरांनी हे जाणूनबुजून केले की लेखणीच्या ओघात झाले, याची चर्चा व्यर्थ आहे. कलाकृतीत एक दार बंद केले म्हणजे वारा दुसरीकडून आत येतो. जिजाईच्या रूपाने तो आला.

याचा परिणाम असा झाला आहे की तुकाराम आणि जिजाई ही दोन पात्रे वस्तुतः एकाच कवीच्या मनाचे दोन भाग आहेत, आणि त्यांचा संसार म्हणजे त्या मनातले भांडण आहे. म्हणूनच त्या संसारात, इतकी उपासमार असूनही, तिरस्कार कोठेही नाही. ती त्याला बोल बोल बोलते व त्याच्या पानात वाढते. तो तिचे काही ऐकत नाही व तिच्याकडे पाहून हसतो. या हसण्याबद्दल आमच्या घरातील एका वडील बाईंचे मत आम्हांस कळले आहे. ते असे की, बायको पोटासाठी रडत असता हसणाऱ्या नवऱ्यास संत म्हणणारे सर्व पुरुषच असावेत. हे मत आम्ही टीपेशिवाय येथे नमूद करून ठेवतो.

शिवाजी महाराजांकडून नजराणा येतो तो भाग याच दृष्टीने पाहावा. जरतारी वस्त्रे, दागिने, मोहरा. पोरे हरखून जातात. जिजाई प्रथमच अंगावर काही घालते. तिचा तो क्षणभराचा आनंद गौरीने इतक्या निरागसपणे दाखविला आहे की पुढे काय होणार हे माहीत असूनही प्रेक्षकास वाटते, निदान हे एकदा तरी राहू द्यावे. तुकाराम ते राहू देत नाही. पोथीत हा प्रसंग वैराग्याचा म्हणून वाचताना आमचे कधी काही अडले नव्हते. पोथीत दागिने उतरून ठेवणाऱ्या हातांचे वर्णन नसते. पडद्यावर ते हात दिसतात. चित्रपट या माध्यमाने जुन्या कथेवर केलेली ही टीका आहे, आणि ती दिग्दर्शकांच्या भक्तिभावास न जुमानता झालेली आहे.

चमत्कारांविषयी फार लिहावेसे वाटत नाही. सुशिक्षित वर्गास त्यांचा संकोच वाटतो व तो वाटतो म्हणून तो वर्ग त्यांच्यातील यंत्रकौशल्याची स्तुती करतो. एवढेच म्हणू की येथील बहुतेक चमत्कार पोटाच्या प्रश्नाशी बांधलेले आहेत. पीक फस्त झाले, तर रास पडते. पोर मरावयास टेकले, तर ते उठते. तत्त्वज्ञान पटवून देण्यासाठी केलेला चमत्कार फारसा नाही. म्हणजे जिजाईच्या तक्रारीची देवाने घेतलेली ती दखल होय, आणि अशा चमत्काराचा खेडुतास संकोच वाटत नाही यात नवल ते काय? महाराजांवर कीर्तनात घाला येतो आणि पांडुरंग जिकडे तिकडे शिवाजीच शिवाजी उभे करतो, तो प्रसंग मात्र आम्हांस चित्रपटातील सर्वांत कच्चा वाटतो. तेथे गाणे मागे पडते आणि युक्ती पुढे येते. गाणारा जेथे निमित्तमात्र होतो तेथे या चित्रपटाचा जीव जातो.

वह्या बुडविण्याच्या प्रसंगात तर एक मोठी संधी हातची गेली आहे, आणि तिचे आम्हांस वाईट वाटते. वाघोलीच्या रामेश्वरशास्त्र्यांचा निर्णय असा की शूद्राने वेदार्थ बोलू नये. सबब कवित्वाच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या. तुकोबा वह्या बुडवितात व तेरा दिवस अन्नपाण्यावाचून शिळेवर पडून राहतात. मग वह्या कोरड्या वर येतात. परंपरा अशी आहे व चित्रपटाने ती तशीच घेतली. नदीकाठचा तो भाग, त्यातील शांतता, पागनिसांचा थकत चाललेला आवाज, हे सर्व उत्तम साधले आहे. परंतु ज्या चित्रपटाने पहिल्याच प्रसंगात गाण्याचे रहस्य आवाजात आहे असे दाखविले, त्याने येथे सर्व भार कागदावर का टाकावा? वह्या बुडाल्याने तुकोबांचे गाणे बुडाले नसते. संताजी जगनाड्यांसारखे टाळकरी, आळंदी-पंढरीचे वारकरी, जात्यावर बसणाऱ्या बाया यांच्या कंठात ते कधीच जाऊन बसले होते. तेराव्या दिवशी काठावर जमलेल्या लोकांतून एकाने एक अभंग उचलला असता, दुसऱ्याने दुसरा, आणि असा सगळा गाव गाऊ लागला असता, तर ध्वनिलेखनकार दामल्यांस याहून मोठे आव्हान मिळाले नसते, आणि रामेश्वरशास्त्र्यांसही याहून मोठे उत्तर मिळाले नसते. हे आम्ही परंपरेच्या विरुद्ध सुचवितो आहोत असे नाही. लोकांनी ते अभंग तोंडपाठ करून वाचविले, हा अर्थ त्या कथेतून काढणारे पूर्वीपासून आहेत. तो अर्थ चित्रपटाच्या हाताशी होता, आणि तो गाणाऱ्याच्या चरित्रास नेमका लागू पडत होता.

या चित्रपटानंतर मराठीत गाणाऱ्या कवींची चरित्रे पडद्यावर आणण्याची वाट पडली. राजकमल कलामंदिराचा ‘लोकशाहीर राम जोशी’ १९४७ साली आला. बाबूराव पेंटर व व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन, ग. दि. माडगूळकरांचे लेखन, वसंत देसाई यांचे संगीत, जयराम शिलेदार व हंसा वाडकर यांच्या भूमिका. त्याने तमाशाचा फड पांढरपेशा प्रेक्षकांच्या घरात आणून बसविला. १९५१ सालच्या ‘अमर भूपाळी’त होनाजी बाळा आला, व त्याच्या ध्वनिलेखनाचा पुढील वर्षी कान येथे सन्मान झाला. दोन्ही चित्रपट देखणे व सुश्राव्य आहेत. परंतु एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. या दोन्हींत शाहिरासमोर उभी राहणारी स्त्री ही नर्तकी आहे. तिच्यामुळे त्याला स्फूर्ती होते, तिच्यापायी तो समाजाचा रोष ओढवून घेतो. गाणाऱ्याच्या जीवनातील पेच प्रेम व प्रतिष्ठा यांच्यात येऊन बसला. ‘संत तुकाराम’मध्येही सालोमालोने पाठविलेली एक कलावंतीण आहे, पण ती येते, हरते व भक्त होऊन जाते, तिच्यावाचून चित्रपटाचे काही अडत नाही. तेथील पेच गाणे व भाकरी यांच्यात आहे. पुढच्या चित्रपटांत भाकरीचा प्रश्न कोणी विचारीनासे झाले. २०१२ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘तुकाराम’ काढला व त्यात दुष्काळ, पहिली पत्नी, तारुण्यातील तुकोबांची तगमग हे सर्व, जे प्रभातने टाळले होते, परत आणिले. अभ्यासाच्या दृष्टीने तो चित्रपट अधिक प्रामाणिक आहे. जितेंद्र जोशी यांचा तुकाराम भांडणारा आहे, जळणारा आहे. पण पागनीस जेव्हा टाळ वाजवून नुसता सूर लावतात तेव्हा गाण्याचे जे वजन पडद्यावर पडते ते आम्हांस तेथे जाणवले नाही. प्रत्येक काळाला आपला तुकाराम मिळतो; १९३६ च्या काळास गाणारा मिळाला.

पागनिसांचे पुढे काय झाले तेही या संदर्भात नोंदण्याजोगे आहे. ते ‘संत तुलसीदास’ (१९३९) आणि ‘नरसी भगत’ (१९४०) या चित्रपटांत पुन्हा संतच झाले. दुसरे काही होण्याची परवानगी प्रेक्षकांनी त्यांस दिलीच नाही. १९४३ साली ते वारले. परंतु त्यांचा चेहरा मागे राहिला. महाराष्ट्रातील घरांतून तुकोबांचे म्हणून जे चित्र पूजेत आले त्यात कित्येक ठिकाणी पागनीसच आहेत. सतराव्या शतकातील कवीस विसाव्या शतकातील एका नटाने मुद्रा दिली, म्हणावयाचे.

चित्रपटाचा शेवट सर्वांस ठाऊक आहे. तुकाराम वैकुंठास निघतो व जिजाईसही चल म्हणतो. तिच्यामागे पोरे आहेत, गोठा आहे, चूल आहे. हे सर्व टाकून निघण्याचे तिच्या मनातही येत नाही. नवऱ्याच्या या बोलण्यास ती त्याच्या इतर बोलण्याहून निराळी किंमत देत नाही. मग विमान उठते. दिग्दर्शकांनी गरुड, मेघ, प्रकाश यांची योजना पुष्कळ हौसेने केली आहे, आणि बहुतेक प्रेक्षकांचे डोळे त्या वेळी आकाशाकडे असतात. आमची वाचकांस विनंती आहे की पुन्हा हा चित्रपट पाहण्याचा योग आला तर त्या वेळी आकाशाकडे न पाहता खाली गौरीकडे पाहावे. वर जाणाऱ्या नवऱ्याकडे पाहताना तिच्या मुद्रेवर भक्ती नाही. तिला ऐनवेळी कळले आहे की या खेपेस तो खरेच बोलत होता, आणि आता ज्याला रागे भरावे असे घरात कोणी उरले नाही.